नवरात्राचे व्रत घराने घ्यावे

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतो. शेतातली काळी माती आणून पत्रावळीवर पसरावयाची, तीत धान्य पेरावयाचे, मधोमध पाण्याने भरलेला कलश, त्यावर विड्याची पाने आणि नारळ, आणि शेजारी नऊ दिवस न विझणारा नंदादीप. त्या मातीला पाणी किती घालावे यावरून घरात चर्चा होते. फार झाले तर धान्य कुजते, कमी पडले तर अंकुर माना टाकतात. दिव्यात तेल उरले आहे ना, हे पाहण्यासाठी रात्री दोनदा उठणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. घट म्हणजे गर्भ, माती म्हणजे क्षेत्र आणि धान्य म्हणजे बीज, असा या विधीचा अर्थ जाणती माणसे सांगत आली आहेत. सृजनशक्तीची ही पूजा ज्या देहावरून सुचली, तो देह स्त्रीचा आहे.

म्हणून एक प्रश्न मनात येतो. घटातल्या मातीला किती पाणी हवे हे ज्या घरात सर्वांना ठाऊक असते, त्याच घरातल्या सुनेच्या अंगात रक्त किती आहे हे किती जणांना ठाऊक असते? तिची पाळी वेळेवर येते काय, तिला रात्री झोप किती मिळते, दुपारी ती काय जेवली, हे कोणी विचारतो काय? बहुतेक घरांत याचे उत्तर नकारार्थी येईल, आणि ते आपण सर्वांनी मान खाली घालून मान्य करावे असे आहे.

सणाच्या पुरवणीत असला विषय कशासाठी, असे आमचे काही ज्येष्ठ वाचक विचारतील. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, हा विषय घरात केवळ कुजबुजीत बोलला जातो आणि दवाखान्यात फार उशिरा पोचतो. देवीच्या नवरात्रात तो उघडपणे बोलला गेला तर देवीचा काही अवमान होईल असे आम्हांस वाटत नाही.

आमचा हा मुलूख देवीचाच आहे. चंद्रपुरात महाकालीचे ठाणे आहे. गोंड राणी हिराईचे नाव त्या मंदिराशी जोडले गेले आहे आणि चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते. आग्नेयेकडे, बस्तरच्या अरण्यात, दंतेश्वरी आहे. या दोन देवीस्थानांच्या मधल्या जंगलपट्ट्यातला गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. चारच वर्षांनी, १९८६ साली, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य तिथे जाऊन राहिले आणि ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू झाले. डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी या जिल्ह्यातील दोन खेड्यांतल्या स्त्रियांची गावातच तपासणी केली. त्या अभ्यासाचा निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या आरोग्यशास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली.

६५० स्त्रिया तपासल्या गेल्या. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता आजार होता. एकेका स्त्रीमागे सरासरी साडेतीनहून अधिक आजार. आणि याआधी कधी तरी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया किती? शंभरांत आठ. या आकड्यांत आणखी एक आकडा आहे, आणि आम्हांस तोच अधिक अस्वस्थ करतो. या ६५० पैकी ४५ टक्के स्त्रियांनी आपली काही तक्रार नाही असेच सांगितले होते. आजार होता, तक्रार नव्हती. अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे, ओटीपोटात कळा येणे हे बाईच्या जन्माबरोबर आलेले भोग आहेत, असे जिला लहानपणापासून सांगितले गेले, ती तक्रार कशाची करणार?

गडचिरोलीच्या आदिवासी बांधवांनी या बाबतीत एक गोष्ट शिकवली. मोठ्या इमारतीच्या, पांढऱ्या भिंतींच्या दवाखान्याची त्यांना भीती वाटत असे. तेव्हा संस्थेचे रुग्णालय त्यांच्या गावातल्या घरांच्या घाटणीचे बांधले गेले, आणि त्यांच्याच सांगण्यावरून त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. देवीच्या दारी स्त्रीने आपले दुखणे सांगावे, त्यात लाज कसली, हे अरण्यातल्या माणसांना सहज उमगले. आम्हां शहरातल्या सुशिक्षितांना ते अजून उमगावयाचे आहे.

हे झाले जननसंस्थेच्या विकारांविषयी. आता दुसरे संकट येऊन पोचले आहे. ते अन्नाचे रक्तमांसात रूपांतर करणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे चयापचयाचे आहे. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, कमरेभोवती साचणारी चरबी ही खाऊन-पिऊन सुखी असलेल्या प्रौढ पुरुषांची दुखणी, असा एकेकाळी समज होता. आज चंद्रपूरसारख्या शहरात, कोळशाच्या खाणींच्या आणि वीजकेंद्राच्या वसाहतींत, सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची पाळी दोन-दोन महिने लांबते, चेहऱ्यावर लव वाढते, मानेच्या मागे काळसर पट्टा उमटतो आणि आई तो मळ समजून घासत बसते. तो मळ नव्हे. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की त्वचेवर अशी खूण उमटू शकते. अशा वेळी स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडते, आणि ते जादा इन्शुलिन बीजांडकोशांना पुरुषी संप्रेरके अधिक निर्माण करावयास लावते; मग बीज वेळेवर पक्व होत नाही आणि पाळीचे चक्र विसकटते. डॉक्टर याला पीसीओएस म्हणतात. पोटातली साखर आणि गर्भाशयाचे ऋतुचक्र अशी एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि म्हणूनच या विकारावर पहिला उपाय म्हणून डॉक्टर आहार, चालणे व झोप यांची घडी बसवावयास सांगतात. ज्यांचे वजन वाढले आहे अशा मुलींनी ते शंभराला पाच-दहा या हिशेबाने जरी उतरवले, तरी पुष्कळदा पाळी पुन्हा रुळावर येते. मात्र सडपातळ मुलींनाही हा विकार होतो, हे विसरून चालणार नाही. वर्षात आठांपेक्षा कमी वेळा पाळी येत असेल तर ‘लग्नानंतर होईल सारे ठीक’ असे म्हणून थांबू नये, तपासणी करून घ्यावी.

खेड्यातली स्त्री कृश आहे, म्हणून तिला या दुसऱ्या संकटाची भीती नाही, असे कोणाला वाटेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जो अभ्यास केला, त्याने हा भ्रम दूर केला. त्या खेड्यांतल्या नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले, तर इंग्लंडमधील बालकांचे साडेतीन किलोच्या जवळपास. परंतु आमची ही लहानगी बाळे स्नायूंनी हलकी असली, तरी चरबीच्या बाबतीत त्या मानाने हलकी नव्हती. हाडे बारीक, स्नायू कमी आणि चरबी राखलेली, अशी ही बाळे मधुमेहाची वाट घेऊनच जन्माला येतात. म्हणजे नातवाला चाळिशीत जो मधुमेह होणार, त्याचे एक मूळ त्याच्या आईच्या आज अर्ध्या राहिलेल्या पोटात असते.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी आमच्या भगिनींनीच नव्हे, तर त्यांच्या घरच्या कर्त्या पुरुषांनी लक्षात ठेवाव्यात. ज्या गर्भवतींच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूधदुभते अधिक वेळा आले, त्यांची बाळे अधिक सुदृढ निघाली. आणि ज्या गर्भवतींना पाणी वाहणे, शेतात राबणे अशी कष्टाची कामे अधिक करावी लागली, त्यांची बाळे लहान भरली.

आता ‘जीवनशैली’ या आजच्या परवलीच्या शब्दाविषयी आमचे मत स्पष्टपणे मांडावयाचे आहे. हा शब्द आम्हांस अपुरा वाटतो, आणि कधीकधी निर्दयही. शैली म्हणजे आपण होऊन निवडलेली रीत. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर धानाची रोवणी करणारी झाडीपट्टीतली बाई काय निवडते? तिने केव्हा उठावे, काय शिजवावे, आधी कोणाला वाढावे, उरलेल्यात काय खावे, दवाखान्यात जावे की न जावे, यांपैकी एकही गोष्ट तिच्या हातात नसते. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या गृहिणीचेही पुष्कळ वेगळे नाही. पहाटे साडेचारला डबे, रात्री अकराला ओटा पुसणे, आणि मधल्या वेळेत उभ्या-उभ्या चहा-बिस्किट. तिला डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा तास चाला. घर म्हणते, चालायला आता कुठे निघालीस? वजन वाढले तर ती आळशी, पाळी चुकली तर ती बेफिकीर, मूल झाले नाही तर ती वांझ. वस्तुतः मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कारण सापडते. परंतु ओटी भरण्याच्या वेळी मागे सरावयास सांगितले जाते ते तिलाच. स्त्रीचा दिनक्रम हा घराने घालून दिलेला असतो. म्हणून तो बदलण्याचे व्रतही एकट्या स्त्रीने नव्हे, साऱ्या घराने घ्यावयास हवे.

आणि एकच उपदेश दोघींना लागू नाही. खाणीच्या वसाहतीतील गृहिणीला चालणे हे औषध आहे. धानाच्या बांधीतल्या गर्भार बाईला बसणे हे औषध आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे पाचांत एक स्त्री प्रमाणापेक्षा कृश आणि चारांत जवळजवळ एक प्रमाणापेक्षा स्थूल आढळली. आणि १५ ते ४९ या वयातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. म्हणजे कृश असो वा स्थूल, रक्त दोघींचेही कमी असू शकते. आमच्या या भागात सिकलसेलचा आनुवंशिक आजारही आहे. तेव्हा थकवा आला की नुसत्या लोहाच्या गोळ्या आणून भागत नाही, रक्त एकदा तपासून घ्यावे लागते.

उपवासाकडे वळू. उपवास सोडा असे सांगण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. नवरात्रातला उपवास हा ऋतू पालटताना शरीराला दिलेला विसावा होता, आणि मनालाही. परंतु आज उपवासाच्या ताटात काय असते ते पाहावे. सकाळी साखरेचा चहा, मग साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी तळलेले वेफर्स, रात्री साबुदाण्याचेच वडे. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याच पूर्वजांनी उगीच केली नाही. साबुदाणा हा काही आपला प्राचीन सात्त्विक पदार्थ नव्हे. अमेरिका खंडातून आलेल्या एका कंदाचा तो पिष्टमय साका आहे आणि तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने तो आपल्याकडे येतो. त्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नाही. दाण्याचे कूट पडते म्हणून थोडे तरी निभावते. मधुमेह असलेल्या बाईने नऊ दिवस त्यावर काढावेत, हे देवीलाही रुचणार नाही.

उलट आमच्याच पायाशी काय आहे? झाडीपट्टीतल्या जुन्या मालगुजारी तलावांत ढिवर बांधव शिंगाडा लावतात. शरदात तो बाजारात येतो, उकडून खाता येतो, वाळवून पीठ करता येते. भगर आहे, राजगिरा आहे, ताक आहे, शेंगदाणे आहेत, पेरू-सीताफळे आहेत. काकडी-दह्याची कोशिंबीर, भगरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, एखादे फळ, असे एक वेळचे नीट जेवण आणि दुसऱ्या वेळी दूध, एवढ्यावर उपवास उत्तम पार पडतो. त्यासाठी तेलाची कढई चढवावी लागत नाही, आणि गृहिणीचे दोन तासही वाचतात. (उपवासाच्या दिवशी स्वयंपाकघरात दुप्पट काम कोणाला पडते, हे सांगावयास नको. घरातल्या तिघांचे उपवासाचे आणि चौघांचे नेहमीचे, असे दोन स्वयंपाक रांधून मग ती स्वतः काय खाते, हेही एकदा पाहावे.)

मात्र काही जणींनी कडक उपवास करूच नये, आणि ही सूट आमची नव्हे, शास्त्राची आहे. गर्भिणी, बाळंतीण, आजारी आणि वृद्ध यांना आपल्या धर्मग्रंथांनी सवलत दिली आहे. असमर्थ माणसाच्या वतीने पतीने वा पुत्राने व्रत करावे अशीही सोय ठेवली आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत भंगत नाही, असेही सांगितले आहे. तेव्हा मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्या बाईने नवरात्रापूर्वीच डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. औषध घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपते. गर्भवतीने तर ताटकळत उपाशी राहूच नये. तिची साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात व्हावयास हवी. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, ती हीच. साखर १४० किंवा त्याहून अधिक निघाली तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. बाळंतपणानंतर तो बहुधा ओसरतो, पण त्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो. बारशाच्या धामधुमीत ही गोष्ट सगळे विसरतात. सहा आठवड्यांनी एकदा आणि पुढे ठरावीक काळाने तिने तपासून घेतलेच पाहिजे.

पाण्याविषयी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी अष्टमीच्या दिवशी एका देवस्थानी दर्शनाच्या रांगेत आमच्यापुढे एक मध्यमवयीन बाई भोवळ येऊन पडली. लोकांनी कांदा हुंगवला, कोणी अंगात आले असे म्हणाले. शुद्धीवर आल्यावर तिने हळूच शेजारणीला सांगितले ते आम्हांस ऐकू आले. पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कारण स्त्रियांसाठी जवळपास कुठे सोय नव्हती आणि मध्येच रांग सोडली असती तर नंबर गेला असता. आपल्या भागातला उन्हाळा आणि आश्विनातले ऊन ज्यांना माहीत आहे, त्यांना हे काय आहे ते कळेल. लघवीची आग, वारंवार ताप, मुतखडा, ही सारी दुखणी या न पिण्यातून वाढतात. शेतावर जाणाऱ्या बायका, शाळेतल्या मुली, बाजारात दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्या, सगळ्यांची हीच गत. देवस्थानच्या विश्वस्तांनी कळसाला सोन्याचा मुलामा देण्याआधी चार स्वच्छ शौचालये बांधली तर त्यांच्या पदरी अधिक पुण्य पडेल, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

जंगलाच्या ताटाकडेही आम्ही पाठ फिरवली आहे. पावसाळा लागला की तरोटा, कुड्याची फुले, काटवल, वास्ते, मग अंबाडी, धोप्याची पाने, शेवगा, कार्तिकात आवळा, उन्हाळ्यात चार, तेंदू, मोहाची फुले. जवसाची चटणी तर विदर्भाच्या घराघरांत होती. राणी बंग यांनी ‘गोईण’ या आपल्या पुस्तकात या लोकांचे झाडांशी असलेले मैत्र नोंदवून ठेवले आहे. पालेभाजीतून लोह मिळते आणि तिच्याबरोबर आवळा वा लिंबू खाल्ले तर ते अंगी अधिक लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र ते वाया जाते. ही भाजी आज ‘गरिबाची’ ठरली आहे आणि तिच्या जागी पुड्यांतला खाऊ आला आहे. आठवडी बाजारातून येताना आजी टोपलीत काटवल घेऊन येते आणि नात तिच्याकडे पाच रुपयांची कुरकुरीत पुडी मागते, हे दृश्य आम्ही मूल-सावली भागात पुष्कळदा पाहतो. केवळ शाकाहार करणाऱ्या घरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, दूध-दह्यातून मिळते. आणि पुण्याच्या त्या अभ्यासात गर्भवतींमध्ये त्याची उणीव फार मोठ्या प्रमाणावर आढळली. दह्याची वाटी ज्यांच्या ताटात जाते त्यांत सुनेचे ताट शेवटचे असते, आणि तोवर विरजण तळाला गेलेले असते.

खर्ऱ्याविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घासून केलेला हा पदार्थ आमच्या दोन्ही जिल्ह्यांत पाहुणचाराचा भाग झाला आहे, आणि तो बायकाही खातात. कोणी गुडाखू दातांना लावतात. रोवणीच्या दिवसांत भूक मारण्यासाठी खर्रा तोंडात धरणाऱ्या गर्भार बायका आहेत. तंबाखूने गर्भाला मिळणारे रक्त आटते, बाळ कमी वजनाचे होते, कधी गर्भ टिकत नाही. आणि पुरुषाच्या बीजाचीही त्याने हानी होते. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली त्यामागे स्त्रियांची मोठी चळवळ होती. तंबाखू-दारूच्या विरोधात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या नावाने काम सुरू झाले. पण घरातल्या पुरुषाने स्वतःचा खर्रा चालू ठेवून बायकोला बोल लावावा, हा व्यवहार चालणार नाही. विजयादशमीला सीमोल्लंघनास निघताना खिशातली ती पुडी मागे ठेवून जावे, एवढे घरच्या पुरुषाला सहज करता येईल.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. नवरात्र, महालक्ष्म्या, सत्यनारायण, कुळाचार जवळ आले की औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी वाढते. चिठ्ठी कोणी मागत नाही, देणारा विचारत नाही. सासूबाई पैसे देतात, मुलगा आणून देतो. एखाद्या वेळी, डॉक्टरांना विचारून, निरोगी बाईने त्या घेतल्या तर फारसे बिघडत नाही. परंतु जिच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, जिला यकृताचा विकार आहे, रक्तदाब वाढलेला आहे, अर्धशिशी आहे, तिने त्या न विचारता घेणे धोक्याचे आहे. आणि वर्षातून चार-पाच वेळा, प्रत्येक सणाला घेणे हे कोणालाही हिताचे नाही.

पाळीतल्या स्त्रीने देवघरात जावे की न जावे, हा ज्या त्या घराच्या आचाराचा प्रश्न आहे. त्यात आम्ही न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. पण एवढे आठवण करून देतो की, आसामात कामाख्येच्या पीठावर अंबुवाचीच्या दिवसांत खुद्द देवीच रजस्वला होते असे मानतात. तीन दिवस मंदिर बंद राहते आणि चौथ्या दिवशी तिचे वस्त्र भक्तांना प्रसाद म्हणून मिळते. जे देवीच्या ठायी पूज्य, ते सुनेच्या ठायी विघ्न कसे झाले? गडचिरोलीतल्या काही माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावकडेच्या कुर्माघरात राहावे लागते. ओल, अंधार, विंचूकाट्याचे भय. त्यावर आम्ही शहरातून नाके मुरडतो. आपल्या घरातली ती गोळी निराळ्या वेष्टनातली तीच गोष्ट आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. ज्यांना जुना नियम पाळावयाचा आहे त्यांनी तो जरूर पाळावा, परंतु पुरता पाळावा. ते चार दिवस तिला चुलीपासून, पाण्याच्या कळशीपासून आणि शेतकामापासून सुटी द्यावी, स्वच्छ कापड वा पॅड द्यावे, कापड उन्हात वाळवू द्यावे, आणि पूजा त्या दिवशी दुसऱ्या कोणी करावी. शिवू नये तेवढे लक्षात ठेवले आणि विसावा मात्र विसरलो, अशी आपली गत झाली आहे.

गेल्या वर्षी नवमीला ब्रह्मपुरीकडच्या एका घरी आम्ही पारण्याला होतो. थोरली सून सात महिन्यांची गर्भार. पाने मांडली गेली, आजोबा पहिल्या पाटावर बसले, आणि यजमानीणबाईंनी सुनेला हाताला धरून आणून दुसऱ्या पाटावर बसवले. तिच्या पानात आधी अंबाडीची भाजी, दह्याची वाटी आणि वरण वाढले. आत्याबाई काहीतरी पुटपुटल्या. सून अवघडून गेली होती. पदर सावरीत, मान खाली घालून बसली होती. आजोबांचे पान वाढून तयार होते, आचमनाचे पाणी हातात होते. ते तसेच थांबले. सुनेच्या पानात भात पडला, त्यावर तूप पडले. मग त्यांनी चित्राहुती घातल्या आणि जेवायला सुरुवात केली.